थोडा घोळ झाला

तव्हा तिथं, बहरीनच्या हॉटेलात, कोण कोण व्हतं ते आधी सांगते. मी हौसा, ठाकराची, भाज्या निवडणारी आन् भांडी घासणारी. वसंतदादा, पुण्याचा, हॉटेलचा हिशेब आन् समदा कारभार बघणारा. डोरीन, ऑस्ट्रेलियाची, तिकडच्या रानातलं जेवण रांधणारी. कुट्टन, मल्याळी, तव्यावरचा. हॉटेलचा गोरा मालक, त्याला समदे नुसतं सर म्हणायचे. आन् मागल्या दारानं भाजी आणणारी उम्म हसन, मआमीर गावची म्हातारी. एवढीच माणसं. गिऱ्हाइकं येत-जात व्हती, ती मी धरत नाय. त्यातली एक बाई पुढं येईल, पण तिचं नाव मला ठाऊक नाय.

यंदा बी दिवाळी सरली आन् कांद्याच्या वाफ्यात घोळ पसरला. लाल देठ, जाड पानं, दाताखाली आंबूस पाणी सुटतं. सून खुरप्यानं उपटते आन् बांधावर फेकते. फेकला म्हणून घोळ मरत नाय. बांधावर पडल्या पडल्या जगतो, वर पिवळं फूल बी काढतो. मी तो पदरात वेचून घेते. सून म्हणते, "आत्याबाई, घरात मेथी हाय ना, ह्यो कशाला?" घोळ मुठीत धरला की तळवा गार पडतो, आन् मला तिथली थंडी आठवते.

मागल्या आठवड्यात शहरातले हॉटेलवाले जीप घेऊन वाडीवर आले. त्यांना रानभाज्या पाहिजेत. कोळू, चाईचे बार, कडूकंद, काय काय नावं घेत व्हते, निम्मी चुकीची. त्यातला एक पोरगा मपल्या तोंडाकडं बघून म्हणाला, "आजी, तुमचं गोंदण काय भारी आहे! एक फोटो काढू?"

मी म्हटलं, "काढ. पण फोटोखाली काय लिवणार ते आधी मपल्या नातीला वाचून दाखव."

पोरगा हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करती. फोटो न काढताच गेला. मंग मी नातीला म्हटलं, बस. मी बोलते, तू लिव. जसं बोलते तसं लिव, सुधरू नको.

मपला नवरा गेला तव्हा पोरं लहान व्हती. ती आईपाशी ठेवली आन् पुण्यात वसंतदादाच्या आईकडं भाकऱ्या करायला राहिले. दादा बहरीनला नोकरीला. सुट्टीवर आला तव्हा म्हणाला, "हौसाताई, तिकडं एक नवीन हॉटेल निघतंय, चलता का?" कागद त्यानंच केले, विमानात बी त्यानंच बसवलं. खिडकीतनं समुद्र दिसला तर मी डोळे मिटले. आमचा समुद्र म्हणजे भातखाचरात भरलेलं पाणी.

मीना सलमान बंदरात गोदामाच्या वर एक खोली व्हती, तिथं निजायचं. खाली जहाजावरनं आलेली खोकी, वर मी. नळाचं पाणी खारट, चहा बी खारट लागायचा. उन्हाळ्यात भिंतीला पाठ लावली तर भाजायची. पोरांची याद आली की मी भांडी घासायचे. घासलेली बी परत घासायचे. कुट्टन म्हणायचा, "हौसा, बस कर, पतीले का नाम मिट जाएगा." तो चांगला माणूस व्हता. चांगला म्हणजे, भित्रा.

हॉटेल शहरातल्या सीफ भागात. तिथं समुद्रात भर घालून नवी जमीन केलेली, पायाखाली शिंपल्यांचा चुरा वाजायचा. आत भिंतींना तांबडा मातीचा रंग, वर वाकडी लाकडं टांगलेली. दादा म्हणाला, ऑस्ट्रेलियात रानात राहणाऱ्या मूळच्या लोकांचं जेवण हितं मिळणार, साहेबलोक त्यासाठी पैसे मोजतील. मला हसू आलं. रानातलं आम्ही भुकेनं खाल्लं. गावात नेलं तर लोक नाक मुरडायचे. आन् हितं काचेच्या ताटात?

कांगारूचं मांस येणार येणार म्हणून लई गाजावाजा. कुट्टन म्हणायचा, "आएगा कैसे? कूद के?" मंग हलालच्या कागदावर कुठंतरी अडलं, आन् बकऱ्यालाच त्या रानाचा मसाला लागला. पण मसाला खरा व्हता. बाभळीच्या जातीच्या कुठल्या झाडाच्या बिया, भाजून वाटल्या की सुपारी आन् कॉफी येकत्र भाजल्यागत वास. वाळल्या बोरासारखी सुरकुतलेली रानटमाटी. एक पाला असा की गवती चहा त्याच्यापुढं पाणी भरील. आन् राखेतली भाकर. निखाऱ्यात पुरलेला तो गोळा डोरीननं काठीनं उकरून काढला, राख झटकली, मोडून अर्धा मपल्या हातावर ठेवला. आमचा रोडगाच की. मी तिथंच खाली बसून खाल्ला. ती बी बसली.

डोरीन मपल्याच वयाची, मपल्यासारखीच काळी, नाकानं बसकी, बोलायला कमी. मी दादाला इचारलं, "ही कोण लोकांतली?"

दादा म्हणाला, "ती तिकडची आदिवासी आहे."

"मंग मपलीच की!" मी म्हटलं. "आम्ही बी आदिवासीच."

दादा मोठ्यानं हसला आन् तिला इंग्रजीत सांगितलं. डोरीननं मपल्याकडं निरखून बघितलं, आन् पयल्यांदा हसली. किती साधा शब्द. तो मी मपल्या तोंडानं दिला.

तिला मराठी येईना, मला इंग्रजी येईना. मधी दादा. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तो उलट्या खोक्यावर चहा घेऊन बसायचा, आन् मपलं तिला, तिचं मला सांगायचा. त्याला बी गोडी लागली. मधूनच म्हणायचा, "बायांनो, जरा हळू, माझी जीभ मुरगळेल." आम्ही दोघी हसायचो, ती आधी, मी मागनं, कारण मला ते उशिरा पोचायचं.

भाऊबीज आली. दादाची बहीण पुण्यात, मपला भाऊ लहानपणीच तापानं गेलेला. मी खोलीत पाट मांडला, निरांजन लावलं. मी म्हटलं, "दादा, तुम्ही बसा." तर म्हणतो कसा, "भावाला कुणी अहो म्हणतं का? तू म्हण." त्या दिसापासनं तो तू झाला. ओवाळलं तसा त्यानं खिशात हात घातला. मी तो धरला. म्हटलं, "पैसे नको. मपला शब्द डोरीनकडं नीट ने, आन् तिचा मपल्याकडं नीट आण. हीच ओवाळणी."

"दिली," दादा म्हणाला. दोन्ही हातांनी मपला हात धरून म्हणाला.

त्याच दिसांत उम्म हसननं खजुरीच्या बागेतली घोळाची जुडी आणली. मी ओरडलेच, "अगं बया, घोळ!" म्हातारी म्हणाली, "बरबीर, बरबीर." डोरीन हातातलं पीठ तसंच टाकून आली. एक देठ मोडला, चावला, डोळे मिटले. तिच्या बोलीतलं तिचं बी एक नाव व्हतं, ते मपल्या जिभेवर बसलं नाय. दादानं सांगितलं, तिची आजी ह्याचं बी दगडावर वाटायची आन् त्याच्या भाकरी करायची. डोरीन आजीला नॅन म्हणायची. नॅन, नॅन, असं किती येळा म्हणाली. तेवढा येक इंग्रजी शब्द मला कळला तो कळला.

आम्ही तिघी वट्यावर बसलो. तीन बायांच्या हातात येकच जुडी. उम्म हसन म्हणाली दह्यात घाला, मी म्हटलं डाळीत घाला, डोरीन नुसतीच खात व्हती. दादा म्हणाला, "ताई, आता मी कुणाचं कुणाला सांगू? आज नुसता घोळच घोळ!" एवढे हसलो की कुट्टन बघायला आला.

मंग डोरीननं आजीची येक गोष्ट सांगितली. सांगताना ती दादाकडं नाय, मपल्याकडं बघत व्हती. दादाचा बी आवाज खाली गेला. काय गोष्ट, ते मी हितं सांगणार नाय. ती शेवटी म्हणाली आन् दादानं मला सांगितलं, "म्हणते, हे आपल्या दोघींत ठेव. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव चारचौघांत काढत नाहीत." मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मंग मी मपल्या आईचं सांगितलं, कंदमुळांचा भारा फॉरेस्टवाल्यानं कसा हिसकला ते. दादानं दोन्ही ऐकलं. ऐकावंच लागायचं त्याला. आमच्या दोघींचं सगळं त्याच्याच तोंडातनं जायचं.

शब्द म्हणजे डोईवरचा हंडा. वाटेत हिंदकळला किती, कोण वंजळभर प्यालं, ज्याच्या घरी पोचला त्याला काय कळतंय?

थंडी वाढली. सरच्या मनात आलं की डोरीननं तोंडाला पांढरे ठिपके लावून वर दालनात यावं, गिऱ्हाइकांपुढं उभं राहावं. ती नाय म्हणाली. ते रंग ज्याच्या त्याच्या कुळाचे असतात, जेवणाऱ्यांना दाखवायचे नसतात, असं तिनं सांगितलं. सर तांबडा झाला. ती कणीक मळत राहिली. त्या दिसापासनं ती वर दालनात पाय ठेवीना. आपलं रांधायचं, मागल्या दारानं जायचं.

येकदा सर खाली आला आन् मपल्या हाताकडं बघत राहिला. मंग तोंडाकडं. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण, लहानपणी आईनं धरून गोंदवलेलं. आमच्यात म्हणतात, मेल्यावर दागिने हितंच राहतात, गोंदण तेवढं संगं येतं. सर हवेत बोट नाचवून दादाला काय काय बोलला. दादा त्याच्याकडं बघत व्हता, मपल्याकडं नाय.

दुसऱ्या दिशी दादा म्हणाला, "ताई, तुझा मोठा फोटो दालनात लावायचाय. आदिवासी म्हणून मान आहे."

"मपल्या नावानं?"

"तुझ्याच नावानं. हौसा. तुझ्या डोंगराचं लिहू खाली."

मी नऊवारी काढली. फोटोवाल्यानं हातात काय धरू म्हटलं, तर मी घोळाची जुडी घेतली. मला वाटलं, डोरीनला बघून हसू येईल.

फोटो लागला. पुरुषभर उंच. खाली इंग्रजी अक्षरं, वळीच्या वळी. रोज सकाळी दालन झाडताना मी त्याची काच फडक्यानं पुसायचे. अक्षरांवरनं बी फडकं फिरवायचे, हे आमचं शिवार असंल, हे आईचं असंल. लोक तिथं उभं राहून वाचायचे. येक-दोन बायांनी डोळे पुसलेले म्या बघितले. मपल्या आईच्या भाऱ्यासाठी परक्या देशातल्या बाया रडतात, म्हणून मपली छाती भरून यायची. भांडी घासताना गाणं म्हणायला लागले व्हते. कुट्टन तव्हा मपल्याकडं बघायचा नाय. ते मागनं ध्यानात आलं.

तिकडं थंडीत पाऊस पडतो, जरासाच, पण ढग लई गरजतो. उम्म हसन म्हणायची, गरजला की वाळवंटात जमिनीखाली फगा फुगतो, आपल्या अळंब्यागत, बटाट्याएवढा. आमच्याकडं बी अळंब्याचं असंच म्हणतात. त्या दिशी तिनं फग्याची टोपली आणली व्हती. मी आन् डोरीन टाकीपाशी बसून वाळू धूत व्हतो. वरनं वाढप्या येका गोऱ्या बाईला घेऊन आला. तिनं दालनात फोटो बघितला व्हता. ती आली ती सरळ मपल्यापाशी बसली, मपले ओले हात हातात घेतले, आन् रडायला लागली. काय काय बोलत व्हती. मला कळेना. मी नुसती मान हलवत व्हते.

डोरीनला कळत व्हतं.

ती उठली. हात पुसले नाय. चिखलाच्या हातांनी वर गेली, जिथं ती कधी जात नव्हती तिथं. बऱ्याच येळानं खाली आली. बाई गेली व्हती. डोरीन मपल्यापुढं उभी राहिली आन् मपल्या तोंडाकडं बोट करून म्हणाली, "नॅन?" मंग परत, हळू, "माय नॅन?"

एवढ्यावरनं मला उमगलं. फोटो मपला व्हता, पण खाली मपला डोंगर नव्हता. मपल्या तोंडाखाली तिची आजी लिवली व्हती. आन् ती गोष्ट. आमच्या दोघींत ठेवायची व्हती ती.

दादाला हाका मारल्या. तो पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "दादा, तिला सांग. मला ठाऊक नव्हतं. मला वाचता येत नाय, मपल्या नावानं लावतो म्हणाला व्हतास. मी रोज त्याची काच पुसली पण मला ठाऊक नव्हतं. आईची आण, पोरांची आण. सांग तिला."

दादा इंग्रजीत बोलला. मपलं बोलणं हातभर आन् त्याचं बोटभर.

डोरीनचं तोंड मिटलं. दार मिटतं तसं. तिनं मपल्याकडं परत बघितलं नाय.

"काय सांगितलंस?" मी इचारलं.

"तेच, तू म्हणालीस तेच."

कुट्टन तिथंच व्हता. त्याला तोडकंमोडकं इंग्रजी येत व्हतं. मी त्याच्याकडं बघितलं. तो खाली मान घालून कांदा चिरत राहिला.

फग्याचा हंगाम सरायच्या आत डोरीन तिच्या देशाला गेली. निघताना कुट्टनच्या खांद्यावर हात ठेवला, उम्म हसनच्या गालाला गाल लावला. मी भांड्याच्या मोरीपाशी उभी व्हते. मपल्यासमोरनं गेली. खिडकीत तिनं ठेवलेली घोळाची जुडी कितीक दिस तशीच टवटवीत पडून व्हती. मला त्या जुडीचा राग आला. सुकावं की येखाद्यानं.

मंग कुट्टनला तोंड फुटलं. म्हणाला, "हौसा, माफ करना. वसंत बोला उसको, हौसा को सब मालूम था, उसने खुद हाँ बोला. मेरा वीज़ा उनके हाथ में है, मैं क्या करता?"

मी म्हटलं, "खलास. तू कांदा चिर."

दादाला गाठलं. तो हिशेबाला बसला व्हता. पयल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, मंग खुर्ची पुढं सरकवली. म्हणाला, "थोडा घोळ झाला, ताई. मी तरी काय करणार? सरांना चेहरा पाहिजे होता आणि गोष्ट पाहिजे होती. तिला खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. आणि तसं बघितलं तर, आदिवासी ते आदिवासी. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

घोळ. तो हाच शब्द म्हणाला. वट्यावर तिघींच्या हातात जी जुडी व्हती, तिचं नाव.

मी रडले नाय. आमच्यात बाई रानात रडत नाय, जनावर येतं. मी म्हटलं, "साहेब, तुमचा चहा निवतोय."

त्याला कळलं. पुणेकर माणूस, शब्द चटकन कळतो. "ताई, मला 'अहो' काय म्हणतेस?" म्हणाला. त्यानंतर मी त्याला कधी तू म्हटलं नाय, दादा बी नाय. साहेबच.

फॉरेस्टवाल्यानं आईचा भारा हिसकला तव्हा आई बोंबलली, शिव्या घातल्या, सारी वाडी गोळा केली. चोरानं नेलं तर माणूस ओरडतो. ज्याला ओवाळलं त्यानं नेलं, तर कुणाच्या नावानं ओरडायचं? मी दोन दिशी फोटो उतरवा म्हणून सरपुढं उभी राहिले. खुणा केल्या, हात जोडले. सर हसून साहेबाकडं बघायचा, साहेब काहीतरी सांगायचा, सर मपली पाठ थोपटायचा. काय सांगत व्हता कोण जाणे. मी येकच करू शकले. त्या काचेला परत फडकं लावलं नाय. धूळ बसू दिली. पोरं शिकायची व्हती, म्हणून राहिले. भांडी घासली.

पुढल्या भाऊबीजेला साहेब साडी घेऊन मीना सलमानला आला. खोलीत पाट नव्हता. मी निरांजन घेऊन गोदामाच्या गच्चीवर गेले. सांज झालेली, जहाजांचे दिवे लागत व्हते, आन् पलीकडं बीजेची कोर. ज्या बाईला भाऊ नाय, ती चंद्राला ओवाळते. मी ओवाळलं. साहेब जिन्यात उभा व्हता. साडी पायरीवर ठेवून गेला. ती मी उम्म हसनच्या सुनेला दिली.

ते हॉटेल पुढं बंद पडलं. तांबड्या भिंतींना पांढरा रंग दिला म्हणे. फोटोचं काय झालं मला ठाऊक नाय. मी परत आले, पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली. साहेब आता पुण्यात म्हातारा झाला असंल. त्याच्यावर राग धरून बसले असं नाय. राग जुना झाला की दुखत नाय, नुसता वजनाला जड लागतो. पण डोरीन कुठंतरी असंल, आन् तिच्या मनात मी अजून बी तीच असंन, तिची आजी विकणारी. हे मात्र दरसाल घोळ उगवला की नवं व्हतं. सून जुडी फेकते, ती मरत नाय, हे बी मरत नाय.

म्हणून वाचणाऱ्याला येकच मागणं हाय. तुमच्यात कुणाला इंग्रजी येत असंल, कुणाचं पोर तिकडं ऑस्ट्रेलियात असंल, तर डोरीन नावाची काळी, बसक्या नाकाची, मपल्याच वयाची बाई शोधा. बहरीनला हॉटेलात रांधायची, म्हणून सांगा. ती सापडली, नायतर तिची लेक सापडली, तर तिला एवढं म्हणा: "हौसाला ठाऊक नव्हतं."

तेवढंच. वाढवू नका, कमी करू नका. दिलाय तसा न्या.